पिक्चरमधलं सहावं पिल्लू

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांच्या भानगडीतला माणूस नाही. आमच्या बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात ना लिंबू, ना अंगारा. कोणी भुताचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, "दाखव, नाईतर गप बस." मी जन्मभर मोटार वाइंडिंगचं काम केलं. करंट असला की मशीन चालते, नसला की चालत नाही, एवढं मला पक्कं कळतं. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

साल १९८७, मे महिना. आम्ही माजरीला, खाणीच्या वसाहतीत राहायचो. मी आणि माझा दोस्त प्रभाकर, आम्ही दोघं टीव्ही-व्हीसीआर घेऊन व्हिडिओ शो करायचो. इंग्लिश पिक्चर असला की मी माइक घेऊन टीव्हीच्या बाजूला उभा राहायचो आणि आपल्या बोलीत स्टोरी सांगायचो. इंग्लिश मला ओ की ठो येत नव्हतं. पण लोक म्हणायचे, पिक्चरपेक्षा तूच भारी.

माझी धाकटी बहीण रंजू एटापल्लीला दिली होती. जावई शाळेत मास्तर, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. फेब्रुवारीत रंजूचा आठ महिन्यांचा पोरगा तापानं गेला. तेव्हापासून ती बोललीच नाही. मे महिन्यात गुरुजींचं पत्र आलं — 'भाऊ, दोन घास खाते, भिंतीकडे पाहत बसते. अशानं ही हातची जाईल. तुम्ही या.'

रंजूला लहानपणापासून पिक्चरचं भारी वेड. म्हटलं, हसायचा एखादा हिंदी पिक्चर दाखवू. टीव्ही गोधडीत बांधला, प्रभाकर आणि मी एसटीनं निघालो. आलापल्लीला एका बँडवाल्याकडून जनरेटर घेतला. शाळेच्या खोलीत खिडक्यांना सतरंज्या लावल्या आणि भर दुपारी दोनला शो सुरू केला. पन्नासेक माणसं असतील, गरमीनं नुसती उकडून निघाली होती. रंजूला गुरुजींनी हाताला धरून आणलं.

कॅसेट लावली आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. दुकानवाल्यानं हिंदीच्या डब्यात भलतीच कॅसेट टाकली होती! एका गोऱ्या बाईच्या घरात वीतभर उंचीची, दात विचकणारी भुताची पाच पिल्लं घुसतात आणि घराचा सत्यानाश करतात — तो भुताचा इंग्लिश पिक्चर. आमच्या वसाहतीत एकदा दाखवला होता. आता पोर गेलेल्या बाईला हे दाखवायचं? पण लोक बसलेले. घेतला माइक.

"हा पाहा नवा जावई! सासुरवाडीले आला अन् कोंबडी कुठी आहे, कोंबडी कुठी आहे, करून राह्यला!" पिल्लू चुलीवरच्या भांड्यात शिरलं. "अबे, तूच शिजशील ना!" लोक हसून हसून लोळायला लागले. रंजू मात्र दगडासारखी.

अर्ध्या तासानं जनरेटर फडफडला आणि बंद पडला. टीव्ही गेला, माइक गेला. मी आणि प्रभाकर मागच्या दारानं बाहेर पळालो. इंजिनाच्या स्पार्क प्लगवर काजळी धरली होती. तो काढला, घासला, परत बसवला... दहा मिनिटं सहज गेली असतील. आत एकदम चिडीचूप. मला वाटलं, लोक उठून गेले.

जनरेटर सुरू करून आत आलो, तर सगळे जागच्या जागी. बाया पदरानं डोळे पुसून राहिलेल्या. आणि रंजू टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसून रडत होती, मोठ्यानं. तीन महिन्यांत ती रडलीही नव्हती.

मी घाबरलो. म्हटलं, "काय झालं?"

शेजारची एक म्हातारी आत्या म्हणाली, "काय झालं म्हन्जे? तूच सांगून राह्यला होता ना रे बाबू! ते सहावं पिल्लू, लहानसं. दात नव्हते त्याले. बाईच्या मांडीवर येऊन निजलं, मंग उठून दारातून गेलं."

मी तिच्या कानाशी म्हटलं, "आत्या, पिक्चर बंद होता ना!"

"कुठी बंद होता? तू बोलून राह्यला होता माइकवर. 'आई, मी जाऊन राह्यलो, तू जेव,' असं म्हने ते."

गुरुजींना बाजूला घेऊन विचारलं. तेही तेच म्हणाले. मागं बसलेल्या दोघांनाही विचारलं, तेही तेच. मी प्रभाकरकडे पाहिलं, तो माझ्याकडे. त्याच्या हातात अजून पाना होता. रंजूच्या पोराला आठ महिन्यांत एकही दात आला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

माजरीला येऊन ती कॅसेट मी चार वेळा पाहिली. पिल्लं पाचच. सहावं नाही, मांडी नाही, दार नाही. मग पन्नास माणसांनी काय पाहिलं? अंधारात बसून सगळ्यांना एकच भास होतो का? आणि माझा आवाज? मी तर बाहेर प्लग घासत होतो, माझ्याकडे साक्षीदार आहे. खूप डोकं खाजवलं. कोणाला समजत असेल तर कळवा, मी हात टेकले.

त्या दुपारी रंजूनं स्वतः उठून भात वाढून घेतला आणि ताट पूर्ण संपवलं. गुरुजी बाहेर जाऊन ढसाढसा रडले. निघताना ती माझा हात धरून म्हणाली, "दादा, तू किती चांगलं सांगितलं रे. त्याचं बोलनं मले ऐकू आलं. नाईतर मी काई राह्यली नसती."

मी म्हणालो, "हो."

आता ती साठीच्या पुढं आहे, दोन नातवंडं आहेत. राखीला आली की अजूनही तेच म्हणते, आणि मी अजूनही "हो" म्हणतो. मी बाहेर होतो, हे तिला सांगायची हिंमत मला आजवर झाली नाही.