आधी खोट सांग

आप्पा साळोखे समोरच्याने आणलेल्या वस्तूकडे आधी बघायचेच नाहीत. चष्मा कपाळावर, हात पाठीमागे, नजर खिडकीबाहेर. आणि प्रश्न एकच, "खोट कुठं हाय?" ती सांगितली की मग चष्मा नाकावर यायचा.

बर्मिंगहॅममध्ये आमच्या घराजवळच्या चर्चमागे एक मोठी शेड आहे. हाताने वस्तू बनवणारी दहा-पंधरा माणसं दर शनिवारी तिथे जमतात. कुणी लाकडी वाडगे कोरतं, कुणी चाकू बनवतं, कुणी मोडक्या खुर्च्या उभ्या करतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मधल्या लांब टेबलावर आपापली वस्तू मांडायची, आणि कुणी कौतुक करण्याआधी तिच्यातली खोट आपल्याच तोंडाने सांगायची, असा रिवाज. तो आप्पांनीच घालून दिलेला. पहिल्या खेपेला मी एक लाकडी कालथा नेला होता. "तशी काही खोट नाहीये," मी म्हटलं.

"मग ने घरी," आप्पा खिडकीशी बोलले. "दिसंल तवा आन."

मी पुण्याची, त्यातून ऑफिसात वीस माणसांना कामाला लावणारी. माझं डोकंच फिरलं. तणतणत घरी आले, कालथा उजेडात धरला, तर दांडा चक्क तिरका! पुढच्या महिन्यात तोच कालथा परत नेला आणि म्हटलं, "दांडा तिरका आहे. आणि मी चिडकी आहे." आप्पांनी चष्मा खाली घेतला. "दुसरं दिसलंच हुतं," ते म्हणाले.

आप्पा मूळचे कोल्हापूरचे, सुताराच्या घरातले. ऐन विशीत इकडे आले आणि बंदुका बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. काम एकच, दस्ता बनवायचा. दस्ता म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकवतात आणि ज्यावर गाल ठेवून नेम धरतात. गिऱ्हाइकाचा हात, मान, खांदा मापून अक्रोडाच्या लाकडातून तो कोरायचा. पन्नास वर्षं या देशात राहूनही त्यांची कोल्हापुरी हलली नव्हती, उलट त्यांच्या इंग्रजीलाच कोल्हापुरी हेल आला होता. टेरी नावाचे एक निवृत्त बस ड्रायव्हर शेडमध्ये त्यांचे जिवलग. ते त्यांना 'डिन' म्हणायचे, कारण आप्पांचं दिनकर हे नाव त्यांच्या जिभेवर कधी पुरता बसलाच नाही. आप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लेस्टरला. आप्पा एकटे राहायचे, आणि घाईने काम करणाऱ्याला एकच सांगायचे, "घाई आसंल तर दुकानातनं आन की!"

मला विळी हवी होती. इथे सगळं मिळतं, पण पाटावर पाय रोवून बसून खोबरं खवावं अशी विळी मिळत नाही. आप्पांनी पातं घडवायला शिकवलं, तापवून पाणी द्यायला शिकवलं, आणि ते बसमधून नेताना कापडात गुंडाळून कुलपाच्या पेटीतच न्यायचं हेही दहादा बजावलं. विळीचा पाट मात्र मी एकटीने केला. पातं ठोकताना पाटाला केसाएवढी चीर गेली. तेव्हा मी काय करावं? चिरेत सरस आणि लाकडाचा भुसा भरला, घासला, वर तेल चोपडलं. विळी टेबलावर मांडली तेव्हा खोट म्हणून सांगितलं, "पातं जरा जाड झालंय."

"आनि?" आप्पा म्हणाले.

"बस, एवढंच."

"आनि?"

त्यांनी पाटावरून अंगठा फिरवला, बरोब्बर चिरेवर थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि विळी टेरीकडे सरकवली. चारचौघांत एक अवाक्षर काढलं नाही. त्यांनी झापलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांचं स्वतःचं काम गेली काही वर्षं एकच चाललं होतं. आप्पा रविवारी नेमबाजीच्या क्लबला जायचे. परवान्याची एक साधी, एका वेळी एकच गोळी उडवणारी रायफल त्यांच्याकडे होती. तिला ते स्वतःच्या मापाचा दस्ता बनवत होते. "जलमभर दुसऱ्याच्या खांद्याला लाकूड बसीवलं," ते म्हणायचे. "एकदा माज्या खांद्याला बसवायचं. एप्रिलात क्लबात तिनं नेम धरनार, मग मोकळा." जवसाच्या तेलाचे हात देऊन देऊन तो अक्रोड असा खुलला होता की बघत राहावं. फेब्रुवारीत दस्ता रायफलीवर चढला. परवाना मात्र मार्चअखेर संपत होता. नवा फॉर्म भरायचा होता, आणि त्यानंतर पोलिसांचा माणूस घरी येऊन सगळं तपासणार होता.

त्या फॉर्मसाठीच मी एका दुपारी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. पुढचं दार नुसतं लोटलेलं. हाक मारली, उत्तर नाही. जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडं होतं, आतल्या, रायफल ठेवायच्या लोखंडी पेटीचंही. पेटी रिकामी होती आणि किल्ली कुलपाला लटकत होती. तीच किल्ली, जी आप्पा काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचे आणि आंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत.

एकटा म्हातारा माणूस, रिकामी पेटी. नको नको ते मनात आलं. धावत स्वयंपाकघरात गेले. रायफल टेबलावर आडवी पडली होती. मागचं दार सताड उघडं, आणि बागेचं फाटकही. शाळा सुटायची वेळ, मागच्या गल्लीतून पोरांचा कालवा ऐकू येत होता. मी आप्पांना फोन लावला, तर तो शेजारच्या खोलीत, त्यांच्या कोटाच्या खिशात वाजला.

रायफलीला हात लावायची सोय नव्हती. परवाना माझा नाही, आणि ती भरलेली आहे की नाही हे मला कुठून कळणार? सोडून जायचीही सोय नव्हती. मी मागचं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. किती वेळ उभी होते कोण जाणे. घड्याळाकडे बघायचंही सुचलं नाही. नजर टेबलावर आणि कान पुढच्या दाराकडे, एवढंच आठवतं.

आप्पा आले ते दुधाची बाटली घेऊन. "अगं, कवा आलीस?" म्हणत बाटली ठेवायला टेबलाकडे वळले आणि थबकले.

"ही कुनी काडली?"

त्यांचा हात गळ्याकडे गेला. सदऱ्याच्या आत चाचपला, पुन्हा चाचपला. मग ते जिन्याखाली गेले, किल्ली बघितली, परत आले. आधी रायफल रिकामी आहे का ते तपासलं. रिकामीच होती. ती पेटीत ठेवली, कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. मग खुर्चीत बसले. "ही दुसरी खेप," ते म्हणाले. "कुनाला बोलू नगंस."

"नाही बोलणार," मी म्हटलं. लगेच म्हटलं, विचारसुद्धा केला नाही.

मग आम्ही फॉर्म भरायला बसलो. आजारांची यादी आली, तिच्यात विसरण्याचा आजारही होता. माझी बोटं थांबली.

"डॉक्टरकडं गेलोच न्हाई, तर आजार कुटला?" आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "न्हाई म्हन. एप्रिलापतूर तर जाऊ दे."

मी 'नाही' वर क्लिक केलं. एक कागद जोडायचा राहिला होता, म्हणून फॉर्म नुसता सेव्ह केला आणि रविवारी पाठवू असं ठरलं. घरी येताना स्वतःला समजावत होते, काय बिघडतंय, एकच तर महिना, जन्मभराची हौस आहे बिचाऱ्यांची. पण त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही. ऑफिसात दोघांवर उगाच ओरडले. डोळ्यांसमोर सारखं ते उघडं फाटक यायचं. शुक्रवारी दोनदा लेस्टरच्या मुलीचा नंबर काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला.

शनिवार महिन्याचा शेवटचा होता. आप्पा कापडात काहीतरी लांब गुंडाळून आले. रायफल शेडमध्ये आणणं म्हणजे... पण कापड सोडलं तर आत नुसता दस्ता. नळी नाही, लोखंडाचा तुकडा नाही. सगळे पुढे सरसावले. एवढं सुंदर काम त्या टेबलावर कधी आलं नव्हतं. टेरींनी रिवाजाप्रमाणे हसत विचारलं, "कम ऑन, डिन, व्हॉट्स राँग विथ इट?"

"नथिंग राँग विथ द वुड," आप्पा म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली होती. "इट्स मी, टेरी. आय फर्गेट द की."

मग ते माझ्याकडे वळून मराठीत बोलले, "फॉर्म धाडू नगंस. काल मीच पोलिसांस्नी फोन केला. आज सकाळी येऊन रायफल घिऊन गेले. दस्ता मातर मी माज्या हातानं सोडीवला."

त्यांनी तो नुसता दस्ता उचलला, खांद्याला लावला, गाल टेकवला, एक डोळा मिटला. समोर भिंतीवर चर्चचं जुनं कॅलेंडर होतं. बराच वेळ तसेच उभे राहिले. "बसलं," ते म्हणाले. टेरी नाक पुसत खिडकीकडे गेले.

माझी पाळी आली. मी एक चमचा आणला होता, तो पिशवीतून काढलाच नाही. "माझ्या विळीच्या पाटाला चीर आहे," मी म्हटलं, "ती मी भुशाने बुजवली होती. आणि आप्पांची किल्ली मी पाहिली होती, फॉर्मवर 'नाही' मीच लिहिलं." रडू आवरेना. आप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली घेऊन माझ्याकडे नीट पाहिलं.

डॉक्टरांनी नंतर त्या विसरण्याला नाव दिलं. आता आप्पा लेस्टरला मुलीकडे असतात. मी महिन्यातून एकदा ट्रेनने जाते, जाताना काहीतरी घडवलेलं बरोबर असतं. दस्ता त्यांच्या पलंगाशेजारी उभा असतो. टेरींना ते अजून ओळखतात, मला गेले दोन महिने ओळखत नाहीत.

परवा गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. "कोन गं तू?"

"मी मृणाल, आप्पा. शेडमधली. विळी केली होती बघा मी."

ते विचारात पडले. अंगठा गुडघ्यावर हळूहळू फिरला, आणि एका जागी थांबला.

"चिरंत भुसा भरनारी?"

"हो आप्पा," मी म्हटलं, "तीच."