देवीला बाटलीचं पाणी

सिंधूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेगडेवाडी स्टेशनबाहेर आमच्या नदी वाचवणाऱ्या गटाची पत्रकं वाटत होते. उरलेला गठ्ठा पिशवीत कोंबला आणि पवनेकाठचं तिचं गाव गाठलं. महिना होऊन गेला... लिहायला बसले की अजून शिसारीच आधी येते, रडू नंतर.

मावशी माझ्या नात्याची नव्हती. धरणाच्या फुगवट्यावरून तराफा सुरू झाला, लोखंडी होड्यांवर फळ्या ठोकून सिमेंट आणि जनरेटरच्या डिझेलची पिंपं पलीकडच्या बंगल्यांना पोचवणारा, तेव्हा आम्ही गावात सभा घेतली. म्हणणं साधं होतं : जिथून गावच्या नळाला पाणी उचलतात, तिथून तेल नेऊ नका. बसायला सतरंजी दिली ती एकट्या मावशीनं. माझं पत्रक डोळ्यांपासून लांब धरून म्हणाली, "लय बारीक लिवतीस गं. चष्म्याचं दुकान टाकलंय काय?"

चैत्रातल्या यात्रेच्या तोंडावर तराफा कलला आणि पिंपं पाण्यात फुटली. काठाला जांभळट तवंग, उताणे पडलेले मासे, नळाला डिझेलचा वास. बंगलेवाल्यांचा माणूस सांगून गेला, उन्हानं उडून जाईल! देवीचा मुखवटा दरवर्षी नदीत न्हाऊ घालतात. यंदा यात्रा कमिटीनं, म्हणजे बंगलेवाल्यांच्या देणगीत मांडव घालणाऱ्यांनी, बाटलीबंद पाण्याचे खोके आणले आणि त्या पाण्यानं देवीला आंघोळ घातली. पावित्र्य राखलं म्हणे! मावशी गर्दीतून पुढे झाली. "देवीला बाटलीचं, आन् माज्या नातीला डिझेलचं? देवीला नाक हाय, आमाला न्हाई व्हय?"

कमिटीचे अध्यक्ष तिचे सख्खे दीर. "वैनी, यात्रंत राजकारन नगं," एवढंच ते म्हणाले. पाणी घाण झालंय हे या लोकांना कळत होतं, म्हणूनच तर बाटल्या आणल्या! आणि दुसऱ्या दिवशी तराफा पुन्हा पिंपं घेऊन निघाला. इतका किळसवाणा शहाणपणा मी पाहिलेला नाही.

मावशी हृदयविकारानं गेली, डिझेलनं नाही. खोटं सांगणार नाही. दहाव्याला काठावर जमलो, तर पाणी शांत. दीर हलक्या आवाजात म्हणाले, "तराफा थांबवायला लावलाय दुपारपत्तूर. वैनींच्या मानापायी."

"म्हणजे थांबवता येतो तर, भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि भटजींकडे वळले. आम्ही काठावरून निघतोय तोच तराफ्याचं इंजिन सुरू झालं.

घरी मावशीच्या सुनेनं माझ्यासाठी नळाखालच्या हंड्यातून पेला भरला, नाकाशी नेला आणि अंगणात ओतला.

"आत्याबाई वास घेतल्याबिगर कुनाला पानी देत न्हवत्या," ती म्हणाली, आणि दुसरा पेला भरून नाकाशी धरला...