शिक्का नसलेल्या सर्टिफिकेटची किंमत

मैत्रिणींनो, आज सकाळी माझ्या मंचरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर डिंभ्याच्या वृषालीची ऑनलाइन मुलाखत झाली. तिच्या घरी रेंज नाही. कॉम्प्युटरची पदवी घेऊन मुलगी वर्षभर बसून होती. मग माझ्याकडे येऊन अभ्यास केला आणि नेटवर्किंगचं, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना नि नेटला जोडण्याचं, ऑनलाइन सर्टिफिकेट मिळवलं.

सोबत आलेल्या चुलत्यांचं एकच पालुपद. "बाई, याच्यावर ना गोल शिक्का, ना सायबाची सही. स्थळ चांगलं आलंय, व्हय म्हनू द्या तिला."

"शिक्का कागदाला लागतो भाऊ, डोक्याला नाही. गप बसा."

मुलाखत घेणाऱ्याने सर्टिफिकेटचा नंबर तिथेच तपासला आणि विचारलं, "हे शिकलेलं कुठे वापरलंत?"

"आमच्या गावच्या दूध डेअरीत. तिथल्या कॉम्प्युटरचं नेट सारखं तुटायचं. मी दोष शोधला, केबल बदलली."

मग ती दहा मिनिटं न अडखळता समजावत राहिली.

दुपारी फोन आला. निवड झाली. चुलते हळूच म्हणाले, "बाई, आमच्या धाकटीला पन बसवा की तुमच्याकडं."

सर्टिफिकेटमुळे तिला बोलावलं, नोकरी मात्र डेअरीतल्या कामाने मिळवून दिली. तुमच्या घरात पदवी घेतलेली मुलगी असेल, तर स्थळं बघण्याआधी तिला एवढी सवड देणार का?