वर सरकणारा पडदा

सासुरवाशिणीच्या माहेरासारखं माझंही हे घर आता वर्षातून चार दिवसांचंच. कपाट आवरताना जुना टीव्ही गेम सापडला. धाकट्या बहिणीनं, शुभानं, कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि तो चक्क चालू झाला.

कॅसेटवरचे सगळे गेम एकाच माळेचे मणी. धावा, उड्या मारा, खड्डा चुकवा, शत्रूचा नुसता धक्का लागला तरी मेलात. त्यातल्या एका गेममध्ये दोघं खेळत असलात तर आणखी एक नियम असतो. धबधब्याच्या कड्यावर एकजण भराभर चढला की पडदा त्याच्यासोबत वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. त्याला कुणी गोळी घालत नाही. तो फक्त मागे राहिलेला असतो.

लहानपणी शुभा ओरडायची, "दादा, थांब ना!" मी थांबायचो नाही. पुढे मी परदेशी गेलो, आणि अंथरुणाला खिळलेल्या बाबांपाशी ती राहिली.

आजही मी चढत गेलो. तिचा माणूस पडद्याखाली नाहीसा झाला. तिनं गेमचा रिमोट खाली ठेवला.

"तू खेळ. मी बाबांना कुशीवर वळवून येते."

आतून बाबांचं कण्हणं ऐकू आलं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.