सुपाच्या कानाचा हत्ती

"उतर खाली! माह्या ओट्यासमोर सवारी करतं काय बे?"

गावचा देशमुख वरडला आन ढोलकी थांबली. माहा बा हत्तीवर बसला होता. हत्ती कशाचा? काळ्या घोंगडीखाली वाकलेले दोन गडी, सुपाचे कान, जुन्या पागोट्याची सोंड. बाच्या डोक्शावर राकेलच्या डब्याचा मुकुट. आमची मांगवाड्यातली दंडार होती, नाचगान्याचा खेळ. बा त्यातला राजा. असा हत्ती अमडापूरपासून साखरखेर्ड्यापर्यंत कोनी पाह्यला नव्हता. दूधपित्या लेकरापासून दात पडलेल्या बुढ्यापर्यंत सारे त्याच्यासाठीच येत.

तवा वऱ्हाड नागपूरच्या सरकारात होतं. कचेरीत कायदा इंग्रजाचा, गावात देशमुखाचा. आमच्या मानसानं त्याच्या दारावरून वहाना घालून जायाचं नाही. घोड्यावर, बैलावर बसून जायाचं नाही. पन घोंगडीच्या हत्तीनंही त्याच्या पोटात दुखीन, हे आमच्या बापजन्मात ध्यानात आलं नसतं.

बा उतरला. हात जोडले. "चुकलं मालक."

"चुकलं तं आता तूच हत्ती हो." देशमुखानं आपल्या नातवाले उचललं. "घे याले पाठीवर."

दोन्ही गडी बाहेर निघाले, बा घोंगडीखाली गेला. हातापायावर. मुकुट मातीत. पाठीवर ते पोरगं. आन लोक हसले! त्यायले वाटलं, हाही खेळच हाय. दूर वडाखाली बसलेली आमची मानसंही हसली.

हत्तीचा आवाज माह्याकडं होता. मडक्यात तोंड घालून मी असा चित्कार काढत होतो का लेकरं मायच्या पदरात शिरत.

देशमुख माह्याकडं वळला. "हत्ती मुका काऊन बे? वाजव."

मी मडकं उचललं. तोंडाशी नेलं. घोंगडीतून बाचा हात दिसला. मातीत टेकलेला. मी मडकं खाली ठेवलं.

"वाजव!"

"नाही वाजवत."

माह्या पाठीवर कोरडा बसला. मंग आनखी एक. मी फुकलो नाही. आन हळूहळू हसू बंद पडलं. आवाज नसला का हत्ती राह्यत नाही ना! घोंगडीखाली रांगनारा एक बुढा मानूस तेवढा दिसते. साऱ्यायले तो दिसला. पाठीवरचं पोरगं रडाले लागलं, "मले उतरवा" म्हने. त्या दिवशी मले समजलं, या लोकायचं हसू माह्या फुकीवर चालते.

बा मंग कधी राजा झाला नाही. कानाची सुपं घरात ज्वारी पाखडाले गेली. जेवता जेवता त्याचा हात थांबे. म्हने, "पाह्य, लोक हसून राह्यले." आजूबाजूले कोनी नसे. मेला तं कान झाकूनच. आता ते हसू माह्या कानात येऊन बसलं हाय. अंगनात लेकरं खिदळली तरी मी दचकतो. सत्यानाश होवो त्या हसन्याचा!

सुपं मी परत काढली. घोंगडी झटकली. मुकुट ठोकून सरळ केला. यंदा त्याच गावात, त्याच ओट्यासमोर हत्ती जाईन. आवाज मी काढीन. वर माही पोरगी बसन, राजा होऊन. कोनी उतर म्हनलं तं म्हनो. ती उतरनार नाही.