साती आसरांचा शेंदूर

ओढ्याकाठच्या साती आसरांना शेंदूर लावायचा मान आमच्या घराकडं होता. शेंदूर उमरग्याच्या बाजारातून यायचा. आई तो करडईच्या तेलात बोटांनी कालवायची आणि सातही दगडांना लावायची. थर जाड झाला की जुन्या खपल्या गळून पडत. त्या टाकायच्या नाहीत आणि परक्या दगडाला लागू द्यायच्या नाहीत, असा घरचा नियम. म्हणून आई त्या घरच्या पाट्यावर वाटून पुन्हा तेलात कालवी. त्याच पाट्यावर आमची चटणी वाटली जाई. पाटा ती घासून धुवायची, पण खाचांत लाली राहायचीच.

रझाकार गावोगाव फिरू लागायच्या आधीचं साल. मी दहा वर्षांची होते. आईच्या पोटात कळा यायच्या, आणि एका सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात मनगटातून लोंबला. बोटं वर होईनात. आमच्यातच राहणारी आत्या, वडिलांची थोरली बहीण, म्हणाली की हिनं विटाळात दगडांना हात लावला असणार. आई नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुणाऱ्या सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं. प्रायश्चित्त ठरलं: अकरा मंगळवार आसरांना शेंदूर.

सातव्या मंगळवारी आई पोटदुखीनं गडबडा लोळली, तेव्हा कुठं वडिलांनी गाडी जुंपली आणि आम्हा दोघींना उमरग्याला नेलं. तिथले डॉक्टर हैदराबादेत शिकलेले. त्यांनी आईचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेनं निळी रेघ होती. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांना असं होतं, म्हणाले; ही बाई काय काम करते? शेंदराचं मी सांगितलं, पाट्याचंही.

"शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसं," डॉक्टर म्हणाले. "अन्नातून जातं, श्वासातून जातं. आजपासून बंद करा. यात बाईंची काही चूक नाही."

परतीच्या वाटेवर आई ते शेवटचं वाक्यच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

घरी आत्या दारात उभी, शेजारच्या दोघी ओट्यावर. आई गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टर काय म्हणले ते सांगा की ह्यांना."

वडील बैल सोडत होते. "अशक्तपणा हाय म्हणले. दवा दिलीया."

"अन शिसं?"

"गप बस. देवाच्या वस्तूला मी इख म्हणू व्हय?"

मी बोलायला गेले तर आत्यानं थोबाडीत दिली.

उरलेले मंगळवार सोडले असते तर विटाळ खरा ठरला असता. देवाला डावा हात चालत नाही, म्हणून आईनं लोंबता उजवा हात डाव्यानं धरून चारही मंगळवार शेंदूर लावला.

पुढं ती सतरा वर्षं जगली. हात काही आला नाही. कुणाच्या ओटीभरणाला तिला पुढं होऊ दिलं नाही. डॉक्टरांचं ते एक वाक्य बोलायला वडिलांना सतरा वर्षं होती.