शाळेबाहेर थांबलेली गाडी

मतदानाच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी शेजारच्या देशमुखांची गाडी दिसली. टपावर बॅगा बांधलेल्या, मागच्या काचेत पोहायची रबरी ट्यूब. एरवी मतदानाची सुट्टी म्हणजे हे कुटुंब पहाटेच अलिबागला पसार. "आपल्या एका मतानं काय होतंय!" हे देशमुखांचं नेहमीचं वाक्य.

गेल्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे टीव्हीवर परदेशातल्या सार्वमताचा निकाल पाहिला. तिथली एक बाई रडवेली होऊन सांगत होती, "असं काही होणार नाही वाटलं, म्हणून मी मत द्यायला गेलेच नाही." देशमुखांनी आवाज बंद केला होता.

त्या बाईला अलिबाग माहीत नसणार. तिचं न दिलेलं मत मात्र आमच्या रांगेत येऊन उभं होतं.

"उशीर होईल ना?" मी रांगेत पुढे उभ्या देशमुखांना विचारलं.

"होऊ दे," देशमुख म्हणाले. "समुद्र काय, दुपारीही तिथंच असतो."